सहा फूट पाच इंचांचं स्थळ

"हात सैल सोड आणि सरळ उभा राहा," देवस्थळे सर म्हणाले, आणि माझ्या शिलाई मशीनवरची टेप त्यांनी न विचारता उचलली.

साठ इंचांची टेप. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला याहून लांब कशाला लागते? ती लीलूच्या टाचेपासून निघाली आणि काखेच्या जरा वर जाऊन संपली. सरांनी तिथं अंगठा दाबून धरला. त्यांच्यासोबत आलेला जाडा असिस्टंट आमच्या स्टुलावर चढला. स्टूल कुरकुरलं. टेप पुन्हा तिथून वर गेली.

"सहा फूट पाच," असिस्टंटनं वरून हाक दिली.

"केसांसकट?"

"केस दाबून धरलेत, सर."

"छान. आता जरा चालून दाखव."

मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी होते. हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. तेव्हा चालणारी मी होते.

लीलू चालला. आमची बैठक म्हणजे त्याची चार पावलं. चौथ्या पावलाला भिंत आली, तो वळला आणि आला तसा परत गेला. मग सर म्हणाले, पंजा दाखव. लीलूनं पंजा उघडला. "बाप्पा!" असिस्टंट म्हणाला, आणि स्वतःचा पंजा पाठीमागे लपवला. मग प्रश्न सुरू झाले. आईवडील किती उंच होते? चष्मा आहे का? कधी हाड मोडलंय? घरात कुणाला दमा? अंडी खातो का?

"सगळं खाते जी," मी म्हणाले. "गाणं पण येते त्याले. म्हणायले लावू का?"

सरांना थट्टा कळली नाही. "नको," ते म्हणाले, "गाण्याचं आमच्याकडं वेगळं डिपार्टमेंट आहे."

लीलाधर निनावे माझा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो दुसरीत होता आणि माझ्या कमरेला लागत होता. सासू-सासरे पाठोपाठ गेले, म्हणून त्याला मीच वाढवलं, आणि तो जरा जास्तच वाढला. वैनगंगेच्या काठचं आमचं तालुक्याचं गाव. तांदूळ पिकवणारा मुलूख आहे, त्यामुळं त्याच्या उंचीचा दोष गाव भातावर टाकायचं. लीलू बाजारातून निघाला की दुकानदार ओरडायचे, "काय लीलू, वर पाऊस आला का?" तो हसायचा आणि मान खाली घालून पुढं जायचा. शाळेत त्याला बास्केटबॉलमध्ये घेतलं ते खेळतो म्हणून नाही, पोचतो म्हणून. नंतर खेळायलाही लागला. बारावीच्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांत कुणीतरी त्याला पाहिलं, आणि जूनमध्ये, निकाल लागला त्याच आठवड्यात, नागपूरच्या मोठ्या कॉलेजचे हे देवस्थळे सर जीप घेऊन आमच्या दारात आले.

त्यांनी दोनदा पोहे घेतले आणि काय काय देणार ते सांगितलं. वसतिगृहात खोली, मेस, फी माफ, आणि त्याच्या मापाचे बूट, जे आमच्या जिल्ह्यात मिळतच नव्हते. लीलू तेव्हा पायात जे घालायचा, ते पुढून कापलेले असायचे.

"आम्हाला मुलगा पसंत आहे," सर उठताना म्हणाले. "तुमचं काय ते या आठवड्यात कळवा."

जीप गल्लीच्या तोंडाशी पोचली नसेल, तोच ढोमणे सरांची लुना दारात उभी राहिली.

ढोमणे सर आमच्या गावातल्या कॉलेजचे खेळाचे सर. एनसीसीही तेच बघायचे, आणि गॅदरिंगचा पडदाही तेच ओढायचे. बारीक, चपळ, कायम घाईत असलेला माणूस.

"वहिनी, पोहे उरले का?" त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं. "नागपूरवाले येऊन गेले न? पानठेल्यावर समजलं मले. का म्हणाले?"

"पसंत हाय म्हणाले."

"त्यायले सगळेच पसंत असतात." ते बसले. आमचे हे राईस मिलमधून नुकतेच आले होते, अंगावर कोंडा तसाच. तेही टेकले. लीलू भिंतीला पाठ लावून गुडघे जवळ घेऊन बसला.

"मधुकरभाऊ, वहिनी, मी साधी गोष्ट सांगतो," ढोमणे सर म्हणाले. "विद्यापीठाचे विभाग असतात. नागपूरचा शहर विभाग, अन् आपला ग्रामीण पूर्व. शहर विभाग मजबूत. एकेका टीममध्ये दहा दहा पोरं अशी. अन् आपल्या विभागात कागदावर कॉलेजं नऊ. त्यातल्या चारांची टीम येते. त्या चारातली एक, शेवटची एसटी चुकू नये म्हणून अर्ध्या खेळातून उठून जाते."

"म्हणजे आपला विभाग कमजोर," हे म्हणाले.

"कमजोर नाही भाऊ. विरळ." सरांनी माझ्या हातातली पोह्यांची ताटली घेतली. "हा शेंगदाणा पाहा. पोह्यात हाय. दिसते का? नाही दिसत. आता हा रिकाम्या बशीत ठेवतो. दिसून राहिला का नाही?"

आम्ही तिघं बशीकडं बघत राहिलो. लीलूनं शेंगदाणा उचलून खाल्ला.

"हे असं," ढोमणे सर जरा थांबून म्हणाले. "सगळ्या विभागांतून निवडून विद्यापीठाची टीम होते. त्या टीमकडून खेळला त्याले कलर. म्हणजे विद्यापीठाचा कोट, छातीवर बिल्ला. तो कोट अंगावर आला की रेल्वे म्हणा, पोलीस म्हणा, खेळाडूंच्या राखीव जागा. तिकडं लीलाधर बारावा. इकडं तो पहिला, दुसरा अन् तिसरा."

मिलमधल्या कोंड्यानं यांची छाती तेव्हाच वाजायला लागली होती. नोकरी हा शब्द आमच्या घरात आला की सगळे जरा सावरून बसायचे. हे सावरून बसले.

"पण सर," मी विचारलं, "निवडणारे तं शहरातलेच न? विरळ विभागातल्या पोराले ते मोजतात का?"

ढोमणे सरांनी पोह्यांचा घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. "मोजतात," ते म्हणाले. "अर्ध्यानं मोजतात. तिथले दहा पॉइंट म्हणजे आपले वीस. पण लीलाधर चाळीस करन न वहिनी! आणि खरं सांगू का? या वर्षी आपली टीम गेली नाही तं संस्था कोर्ट उखडून सायकल स्टँड बांधते. अध्यक्षांनी नारळ आणून ठेवला हाय. मागच्या वर्षी माझा पाचवा खेळाडू कोण होता माहीत हाय? लायब्ररीतला मेश्राम. त्याची एम.ए.ले अॅडमिशन घ्या लागली. त्याचा पोरगा दहावीत हाय."

सर गेल्यावर हे माझ्याकडं बघून म्हणाले, "कुंदा, तूच ठरव. पाहणं-दाखवणं मले नाही समजत."

"लीलू?" मी म्हटलं.

"तुमी म्हणान तसं, वहिनी."

मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मला लीलू घरी हवा होता. संध्याकाळी तो कोर्टावरून आला की आधी पातेल्याचं झाकण वाजायचं आणि मग "वहिनी" अशी हाक यायची. ते झाकण वाजलं नाही तर घरात संध्याकाळ झाली हे मला कसं कळणार होतं? त्यात ढोमणे सरांनी नोकरीचं कारणही हातात दिलं होतं. तरी लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. आमच्यात मुलगी द्यायची असली तरी आधी घर पाहून येतात.

"मी नागपूरचं घर पाहून येतो," मी म्हणाले.

ढोमणे सरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. "जा वहिनी, जरूर जा. काही नका पाहू, फक्त बाक पाहा. नुसता बाक. थांबा, मीच येतो."

त्या शनिवारी आम्ही तिघं एसटीनं निघालो. लीलू मधल्या वाटेत पाय सोडून बसला आणि प्रत्येक थांब्यावर उतारूंनी ते ओलांडले. ढोमणे सरांनी भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत मला बास्केटबॉल समजावला. मला एवढंच समजलं की चेंडू हातात घेऊन चालायचं नाही, आणि ज्याला पुढं जायचंय त्याच्या वाटेत उभं राहायचं. सासरी नवीन गेलेल्या बाईला यात नवं काहीच नव्हतं.

कॉलेज खरोखर मोठं होतं. कोर्टावर पत्र्याचं उंच छप्पर, बाजूला पाण्याचा कूलर. देवस्थळे सर शिट्टी तोंडात धरून उभे होते. आम्हाला बघून त्यांच्या तोंडातून शिट्टी पडली.

"तुम्ही? आधी कळवायचं तरी!"

"घर पाहाले कळवून नाही जात जी."

त्यांनी ढोमणे सरांकडं पाहिलं, ढोमणे सरांनी छपराकडं पाहिलं. "बरं," देवस्थळे सर म्हणाले. "लीलाधर, तिकडं बस मुलांमध्ये. खेळ बघ."

कोर्टात दहा जण खेळत होते. आणि कडेला बाक होता. एक लांब फळी, ती पुरली नाही म्हणून तिला जोडून दुसरी. त्यावर पोरं बसली होती, सगळ्यांचे गुडघे हनुवटीपाशी. किती म्हणून सांगू? ज्वारीचं धांड उभं असावं तशी ती रांग दिसत होती, फक्त बसलेली. लीलू जाऊन शेवटी बसला, आणि पलीकडची पोरं त्याला जागा करायला सरकत गेली, तशी रांगेत लाट गेली.

मी कूलरपाशी थांबले. बाकावरचा एक पोरगा पाणी प्यायला आला. गहू वर्ण, भुवया दाट, हातात बाटली. माझं ढोमणे सरांशी चाललेलं बोलणं त्यानं ऐकलं असावं.

"तुमी भंडाऱ्याकडच्या का जी?" त्यानं विचारलं. "बोलण्यावरून वाटलं."

"हो. तू?"

"गोंदियाकडचा. टेकचंद बिसेन."

"जेवला का?"

तो हसला. "मेसमध्ये पोळ्या देतात जी. भात एवढा." त्यानं तळहाताची वाटी केली. त्या हाताची वाटीसुद्धा मोठी होती, पण दुःख कळलं.

"खेळणं कसं चालून राहिलं?"

"खेळून नाही राहिलो, बसून राहिलो. दोन वर्षं झाली."

"एकदा पण नाही खेळला?"

"एकदा बोलावलं होतं सरांनी. मी धावत गेलो. तं म्हणाले, चेंडूत हवा भर."

"मग तुले आणलं कायले इथं?"

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "मी दुसऱ्या कॉलेजले जाऊ नाही म्हणून जी. तिकडं गेलो असतो तं यांच्याविरुद्ध खेळलो असतो न." तो रागावलेला नव्हता. पावसानं मॅच रद्द झाली हे सांगावं तसं त्यानं सांगितलं, आणि बाकावर आपल्या जागी जाऊन बसला.

माझ्या मागून ढोमणे सरांचा आवाज आला. "पाहिला बाक?"

"पाहिला."

"आता?"

"आता का? लीलू तुमचा."

सरांनी हात जोडले, माझ्यासमोर की छपरासमोर ते कळलं नाही. मी लीलूला हाक मारायला वळले. तो बाकावरच्या पोरांशी बोलत होता. पोरं हसत होती, तोही हसत होता. त्याच्यात काहीतरी बदललं होतं. काय, ते लक्षात येईना. माणूस केस कापून आला की बदलतो तसं. पण केस तेच होते.

कोर्टाच्या बाहेर पायऱ्यांपाशी लिंबू सरबताची गाडी होती. मी दोन ग्लास घेतले आणि त्याला बोलावून बसवलं.

"चला भाऊजी, घर पाहून झालं," मी म्हणाले. थट्टेत असले की मी त्याला भाऊजी म्हणायची. "इथं तुमाले द्यायचं नाही. ढोमणे सरांकडंच घालू."

"बरं," लीलू म्हणाला.

सरबत प्यायलो. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

"लीलू, तुले का पाहिजे?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "मले?"

"नाही, त्या लिंबूवाल्याले."

मला पाहायला आले होते तेव्हा पापड लाटता येतो का, मशीन चालवता येते का, सगळं विचारलं होतं. हा एकच प्रश्न राहून गेला होता. विचारला असता तर मी काय बोलले असते कोण जाणे, पण मीही असाच ग्लास खाली ठेवला असता.

"मले इथं राहायचं हाय, वहिनी."

"इथं? त्या बाकावर?"

"हो."

"अरे, पोट्टे दोन दोन वर्षं बसून राहिले तिथं! तो टेकचंद चेंडूत हवा भरते!"

"भरीन न हवा."

"अन् कलर? नोकरी?"

"देईन एखादी परीक्षा."

"इथं हाय तरी का असं?"

तो विचार करत राहिला. खरंच शोधत होता तो उत्तर, टाळत नव्हता. "मघाशी मी त्यायच्याशी बोललो न," तो म्हणाला, "तं त्यायचे डोळे माझ्या समोर होते. गावात मले लोकायचे डोळे नाही दिसत, वहिनी. भांग दिसतात. तुमचा भांग मले पाठ हाय. शेजारच्या यशोदाकाकूचा वाकडा हाय, भाऊले टक्कल पडून राहिलं हे मले त्याच्या आधी समजलं." त्यानं ग्लास पुन्हा उचलला. "अन् कोणीच विचारलं नाही, वर पाऊस आला का म्हणून. तो कोपऱ्यातला हाय न, सहा आठ, त्यानं मले काय म्हटलं माहीत हाय?"

"काय?"

"बुटका."

"बुटका म्हटलं तुले?"

"'ए बुटक्या, सरक,' म्हणे."

हे त्यानं मला पेढा द्यावा तसं सांगितलं. आणि मग काय बदललं होतं ते माझ्या लक्षात आलं. लीलू ताठ बसला होता. त्याच्या पाठीला पोक नव्हतं. इतकी वर्षं ते पोक मी त्याची चणच समजत होते, त्याच्या सदऱ्यांची पाठ त्या मापानंच शिवत होते.

"सरबत संपव," मी म्हणाले.

ढोमणे सरांना सांगणं अवघड होतं. मी सांगितलं. ते कोर्टात गेले आणि बाकावरच्या रिकाम्या जागेवर बसले. त्या रांगेत ते काडेपेटीतून बाहेर आलेल्या काडीसारखे दिसत होते.

"सायकल स्टँड," ते एवढंच म्हणाले.

त्यांच्या बाजूला टेकचंद बसला होता. त्यानं विचारलं, "काऊन जी, सायकल चोरीले गेली का?"

मी त्या दोघांकडं पाहिलं. एकाकडं कोर्ट होतं आणि माणूस नव्हता. दुसऱ्याच्या समोर कोर्ट होतं आणि त्याला आत घेत नव्हते. आमच्या समाजात साटंलोटं चालायचं. तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या घरी. माझ्या आत्याचं लग्न तसंच झालं, तिच्या नणंदेच्या बदल्यात. दोन्ही घरं एकमेकांच्या धाकात असतात, म्हणून बरी चालतात.

मी सरळ देवस्थळे सरांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"सर, लीलाधर तुमचा."

"उत्तम!"

"पण साटं लागन. आम्ही एक दिला, तुमी एक द्या. तो टेकचंद आमच्या ढोमणे सरांले द्या."

त्यांना आधी कळलं नाही, मग कळलं. "अहो बाई, हे काय लग्न आहे का?"

"टेप घेऊन पोराले तुमी मोजलं. चालून पाहिलं, पंजा पाहिला, आईबापाची चौकशी केली, पोहे दोनदा खाल्ले, पसंत हाय म्हणाले. आता काऊन लाजता?"

बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी शिट्टी वाजवली, उगाचच.

"आणि हा टेकचंद उद्या आमच्याविरुद्ध खेळला तर?"

"तुमचा विभाग मजबूत हाय न सर?" ढोमणे सर बाकावरून उठले होते, त्यांच्या अंगात पुन्हा घाई आली होती. "आमचा तं कमजोर. तुमीच दरवर्षी मीटिंगमध्ये म्हणता. घाबरता कायले?"

देवस्थळे सर लाल झाले. पण लीलूकडं त्यांनी एकदा पाहिलं, आणि टेकचंदकडं पाहिलं, आणि मनात काहीतरी बेरीज-वजाबाकी केली. "ठीक आहे. टीसी देतो. घेऊन जा."

"थांबा," मी म्हणाले. "त्याले कोणी विचारलं का?"

सगळे टेकचंदकडं वळले. तो उभा राहिला होता, बाटली छातीशी धरून.

"मले खेळाले भेटन का जी?" त्यानं ढोमणे सरांना विचारलं.

"बापा," ढोमणे सर म्हणाले, "तू बसतो म्हणशील तरी बसवू शकत नाही मी. तुले बसवलं तं चारच उरतात."

"अन् भात?"

"तो मी पाहतो," मी म्हणाले.

अशा तऱ्हेनं जाताना आमच्यासोबत लीलू होता आणि येताना टेकचंद, एक पेटी आणि एक वळकटी घेऊन. यांनी दार उघडलं, आधी त्याच्या छातीकडं, मग वर पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "कुंदा, बदलून आणला का?"

लीलूच्या खोलीत टेकचंद राहू लागला. संध्याकाळी पातेल्याचं झाकण वाजायचं, फक्त हाक "वैनीजी" अशी यायची. सप्टेंबरमध्ये ग्रामीण पूर्व विभाग आम्ही जिंकलो. एक टीम आलीच नाही, एक शेवटच्या बसनं गेली, आणि उरलेल्या टीमला टेकचंदनं एकट्यानं हरवलं. ढोमणे सरांनी लुनावर बसवून त्याची मिरवणूक काढली, त्याचे पाय दोन्ही बाजूंनी रस्त्यावर घासत होते.

पुढची फेरी नागपूरला होती, आणि समोर तेच कॉलेज. मीही गेले. आमच्या कॉलेजनं एकेचाळीस केले, त्यांनी ब्याऐंशी. टेकचंदचे त्यात एकतीस. ढोमणे सरांनी पेढे वाटले.

"सर, आपण हरलो," मी म्हणाले.

"वहिनी, ते आपल्याले अर्ध्यानं मोजतात. एकेचाळीस दुणे किती?"

"ब्याऐंशी."

"मग हरलो कुठं? बरोबरी झाली."

आणि एक टोपीवाला माणूस येऊन टेकचंदचं नाव, वडिलांचं नाव, वर्ग लिहून घेऊन गेला. लीलू पूर्ण वेळ बाकावरच होता. टेकचंदची बास्केट पडली की तो उभा राहून टाळ्या वाजवायचा आणि सर त्याला खाली बसवायचे.

मॅच संपल्यावर देवस्थळे सर माझ्याकडं आले. "बाई, हे साटं मोडू या. तुमचा न्या, आमचा द्या."

"आमच्यात साटं मोडलं की दोन्ही घरं बसतात, सर. अन् त्या दोघांले विचारलं का?"

त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. ते दोघं तिकडं एकमेकांचे बूट घालून बघत होते.

टेकचंदला आमच्याकडच्या दुसऱ्या वर्षी, एम.ए.ला गेल्यावर, कलर मिळाला. आज तो रेल्वेत आहे. ढोमणे सरांचं कोर्ट त्यांच्या निवृत्तीपर्यंत टिकलं, पुढचं मी विचारलं नाही. लीलूला कलर कधीच मिळाला नाही. तीन वर्षांत तो मोजून अकरा मिनिटं खेळला असेल, आणि त्यातली चार मॅच आधीच हातातून गेल्यावर. परीक्षा मात्र त्यानं दिली, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा वीज मंडळात लागला. त्याच्या हाताखाली शिडी धरायला माणूस द्यावा लागत नाही म्हणून साहेब खूश असतात म्हणे. पण हे सगळं नंतरचं.

मला आठवते ती त्या पहिल्या वर्षीची मंडई. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक असतं, दिवसा लेकी-सुना, सोयरे-धायरे, सगळे येतात, आणि घरोघरी पंगती उठतात. लीलूनं नागपूरहून निरोप पाठवला होता, मी येतो, सोबत एकदोन जण असतील.

दुपारी मी दार उघडलं तर अंगणात अख्खा बाक उभा होता. तो सहा आठवालाही होता. "वैनीजी, भाताचं ऐकलं होतं," तो म्हणाला. टेकचंद घरातून धावत बाहेर आला आणि एकच गोंधळ झाला. कुणी कुणाला उचललं ते कळेना, कारण सगळेच तेवढे होते.

मी ओट्यावर पंगत बसवली. भिंतीला पाठ लावून, मांड्या घालून, एका ओळीत. गल्लीतली पोरं कुंपणावर चढून बघत होती. हे पाणी वाढत होते आणि मी भात, आणि दोघांनाही उसंत नव्हती.

यांच्या आत्याबाई त्याच वेळी आल्या. लाखांदूरच्या एसटीनं, डोक्यावर पदर, हातात चिवड्याची पिशवी. लीलूला त्यांनी तान्हा असल्यापासून पाहिलेला. दरवर्षी मंडईला यायच्या, आणि गल्लीच्या तोंडातूनच "आला का माझा ताड!" म्हणून ओरडायच्या. त्या ओट्यासमोर येऊन थांबल्या. डोळे चांगले होते त्यांचे, अजून सुईत दोरा ओवायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"कुंदे," त्या म्हणाल्या, "यातला आपला लीलू कोणता वं?"

मी तोंड उघडलं.

"सांगू नका, वहिनी," भाताचा घास कालवत, मान वर न करता लीलू हळूच म्हणाला. "शोधू द्या तिले."

आत्याबाई ओट्यावर चढल्या, आणि पहिल्या पोराची हनुवटी धरून त्यांनी त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. लीलू सातवा बसला होता. मी भात आणायला आत गेले.